पोटाच्या तक्रारी आणि आहारतज्ज्ञ: काय बंद करायचं यापेक्षा काय परत सुरू करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभर पोट फुगतं, आठवड्यातून दोन-तीनदा कळ येते, कधी चार दिवस शौचाला साफ होत नाही तर कधी सकाळीच तीनदा जावं लागतं. रक्त तपासणी आणि सोनोग्राफी ठीक आहे. डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत बिघाड न दिसता राहणारी कळ, फुगारा आणि शौचाच्या तक्रारी) असल्याचं सांगून आहारतज्ज्ञाकडे पाठवलं आहे. दूध, गहू, कांदा, लसूण आणि डाळी आपणहून बंद करून झाल्या, वजन तीन किलो उतरलं, पण पोट जिथल्या तिथेच. आता आहारतज्ज्ञ आणखी काय बंद करणार आणि त्याचा उपयोग किती?

बहुतेक वेळा आणखी काही बंद होत नाही. तुम्ही जे बंद केलंय त्यातलं काय, किती प्रमाणात आणि कोणत्या क्रमाने परत सुरू करता येईल हे शोधणं, हेच या कामातलं मोठं काम असतं. पाच गोष्टी एकदम बंद केल्यामुळे त्यातली कोणती खरंच त्रास देते हे तुम्हाला आजही माहीत नाही. फायदा झाला असता तरी कळलं नसतं.

त्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांकडूनच व्हायला हव्यात. पहिली म्हणजे धोक्याच्या खुणा. शौचावाटे रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, अशक्तपणा आणणारा रक्तक्षय, गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) किंवा आतड्यांना सूज आणणारा आजार, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार. यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग थांबवून आधी तपासणी. तुमचं तीन किलो वजन कमी खाण्यामुळे उतरलेलं असू शकतं, पण तो निष्कर्ष डॉक्टरांना काढू द्या. सोनोग्राफी ठीक आली म्हणजे आतडं तपासून झालं असं होत नाही. सूज आहे की नाही याचा अंदाज मळातल्या कॅलप्रोटेक्टिनच्या तपासणीतून जास्त चांगला येतो.

दुसरी गोष्ट सीलिअ‍ॅकची रक्त तपासणी, आणि इथे तुमचा गहू बंद असणं आडवं येतं. या तपासणीत ग्लूटेनमुळे तयार होणाऱ्या अँटीबॉडी मोजतात (टीटीजी-आयजीए, आणि सोबत एकूण आयजीए, कारण ते मुळातच कमी असेल तर निकाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो). ग्लूटेन बंद केलं की या अँटीबॉडी हळूहळू उतरतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो. म्हणून तपासणीआधी निदान ६ आठवडे, दिवसातल्या एकाहून जास्त जेवणांत गहू, बार्ली (जव) किंवा राय (गव्हासारखंच एक धान्य) खावी लागते. तुमच्याबाबतीत परत येणारा पहिला पदार्थ त्यामुळे गहूच ठरतो. तेवढ्यात फार त्रास झाला तर डॉक्टरांना कळवा. गहू पुन्हा गुपचूप बंद करू नका.

पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. त्यात खाण्याइतकेच प्रश्न शौचाबद्दल, झोपेबद्दल, कामाच्या पाळ्यांबद्दल, मासिक पाळीबद्दल, जुन्या शस्त्रक्रियांबद्दल आणि औषधांबद्दल विचारले जायला हवेत. पित्ताशय काढल्यानंतर सुरू झालेले पातळ जुलाब हा वेगळा विषय आहे, तो सहसा आहाराने सुटत नाही. औषधांची यादी तर लोक घरीच विसरतात. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, अफूवर्गातली वेदनाशामकं आणि अ‍ॅल्युमिनियम असलेली अँटासिडं यांनी बद्धकोष्ठ होतं. मेटफॉर्मिन आणि मॅग्नेशियमची अँटासिडं यांनी पातळ होतं. सगळ्या गोळ्यांचे फोटो काढून न्या, पूरक पावडरी आणि चूर्णंही त्यात येऊ द्या. दहा मिनिटांत छापील तक्ता हातात पडला आणि शौच कसं होतं हे कुणी विचारलंच नाही, तर दुसरा आहारतज्ज्ञ शोधा. नोंदणी आणि पोटविकारांच्या रुग्णांचा अनुभव या दोन्ही गोष्टी विचारायला संकोच करू नका.

नोंदवहीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण भेटीचा उपयोग किती होणार हे बरंचसं तिच्यावर अवलंबून असतं. भेटीआधी ७ ते १४ दिवस लिहा आणि त्या काळात खाणं मुद्दाम बदलू नका. ‘दुपारी जेवलो, पोट फुगलं’ अशी नोंद कुणाच्याच कामाची नाही. कामाची नोंद अशी दिसते:

दु. १:१५. भात दीड कप, मसूर पाऊण कप, कच्चा कांदा अर्धा, दही अर्धा कप. जेवण ८ मिनिटांत, कामाच्या टेबलावर. दु. १:४०, कळ, १० पैकी ३, शौचाला गेल्यावर थांबली, प्रकार ५. सायं. ५:३०, फुगारा, १० पैकी ७, कंबरपट्टा सैल करावा लागला. रात्री झोप ५ तास. पाळीचा आदला दिवस.

यातले ‘प्रकार’ ब्रिस्टल मापनपट्टीवरचे आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या पट्टीवर मळाचे सात प्रकार आहेत: १ आणि २ म्हणजे कडक खडे किंवा गाठीगाठींचा, ३ आणि ४ ठीक, ५ मऊ तुकडे, ६ आणि ७ पातळ. दिवसातून कितीदा जाता यापेक्षा हा आकडा आतड्याचा वेग जास्त नीट सांगतो.

वरच्या नोंदीत दोन वेगवेगळ्या घटना आहेत, आणि लोक त्या हमखास एकत्र करतात. जेवायला बसल्यापासून पंचवीस मिनिटांत आलेली कळ त्या जेवणातल्या कांद्याची असण्याची शक्यता कमी, कारण कांदा तेव्हा जठरातच असतो. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आकुंचन पावतं, ही नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. आयबीएसमध्ये ती जास्त जाणवते, आणि मोठं, तेलकट जेवण किंवा कॉफी तिला आणखी जोर देते. चार तासांनंतरचा फुगारा मात्र मोठ्या आतड्यात पोहोचलेल्या न पचलेल्या साखरेचा असू शकतो. पहिल्या घटनेवर उपाय जेवणाचा आकार, वेग आणि चरबी यांचा, दुसरीवर पदार्थांचा. हे न ओळखल्यामुळे शेवटचा घास खाल्लेल्या पदार्थावर आळ येतो, आणि वर्षभरात बंदीची यादी पानभर होते.

वही पाहिल्यावर चांगला आहारतज्ज्ञ लगेच मोठ्या पथ्यावर उडी मारत नाही. आधी चार आठवडे साध्या गोष्टी: जेवणाच्या वेळा ठरलेल्या, जेवण वीसएक मिनिटांत, चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांच्या आत, फसफसणारी पेयं आणि साखरमुक्त च्युइंगम बंद (त्यातली सॉर्बिटॉल आणि झायलिटॉलसारखी गोडी पाणी ओढते आणि गॅस करते), फळं एका वेळी एक, साधारण ८० ग्रॅम, दिवसातून तीनदा. ऐकायला हे फारच किरकोळ वाटतं, म्हणून लोक ते गाळून पुढच्या पायरीवर जातात. पण बऱ्याच जणांचं काम इथेच होतं आणि पुढच्या खटाटोपाची गरज उरत नाही.

फायबरचा सल्ला सगळ्यात जास्त बिघडतो. मोठ्यांसाठी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हे लक्ष्य बरोबर आहे, पण १२ ग्रॅमवरून एका आठवड्यात ३० वर गेलात तर पोट ढोलासारखं होणारच. दर आठवड्याला ४-५ ग्रॅमच वाढवा. शिवाय प्रकार महत्त्वाचा. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये अनेकदा कळ आणि गॅस वाढवतो. इसबगोल पाणी धरून जेलसारखं होतं आणि आतड्यात फारच कमी आंबतं, म्हणून ते कडक मळ मऊ करतं आणि पातळ मळाला आकारही देतं. तुमच्यासारख्या आलटून-पालटून तक्रारीत म्हणूनच त्याचा नंबर पहिला लागतो. दिवसाला ३ ग्रॅमपासून सुरुवात करा, आठवड्याने ५-६, मग गरज असेल तर १० पर्यंत. चमचे लहानमोठे असतात आणि भुसं हलकं असतं, म्हणून आपला चमचा एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या. २०० ते २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्या, घट्ट होण्याची वाट पाहू नका, आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळ्याची शंका असेल तर घेऊच नका. परिणामाचा निवाडा चार आठवड्यांनी.

फायबर आणि पाणी दोन्ही वाढवूनही शौचाला जोर करावा लागतो, बोटाने मदत करावी लागते, बसून उठल्यावरही राहिल्यासारखं वाटतं, अशी तक्रार असेल तर अडचण बहुधा दाराशी आहे. शौचाच्या वेळी ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. इथे आणखी फायबर म्हणजे आणखी दाटी. अशा वेळी आहारतज्ज्ञाने तुम्हाला ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे किंवा डॉक्टरांकडे परत पाठवायला हवं. पायाखाली छोटं स्टूल घेऊन गुडघे कमरेपेक्षा वर ठेवणं आणि न्याहारीनंतर घाई न करता बसणं, हे मात्र कुणीही आजच करू शकतं.

एवढं करूनही फुगारा आणि कळ राहिली तर लो-फोडमॅप पथ्याचा विचार होतो. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात विकसित झाली आणि ‘फोडमॅप’ हे नाव २००५ सालापासून वापरात आहे. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरांच्या काही गटांसाठी हे नाव आहे: गहू, कांदा, लसूण यांतली फ्रुक्टॅन्स, डाळी-कडधान्यांतली गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स, दुधातली लॅक्टोज, मध आणि काही फळांतली जादाची फ्रुक्टोज, आणि मशरूम, फ्लॉवर, साखरमुक्त गोळ्या यांतली सॉर्बिटॉलसारखी पॉलिऑल्स. यातल्या काही साखरा पाणी ओढतात, काही मोठ्या आतड्यात आंबून गॅस करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा तोच ताण जास्त तीव्रतेने जाणवून देतात. म्हणजे हे पदार्थ विष नाहीत, तुमच्यासाठी त्यांची मात्रा ठरवायची आहे.

पथ्याचे तीन टप्पे असतात: २ ते ६ आठवडे सगळे गट एकत्र कमी करणं, मग ६ ते ८ आठवडे एकेक गट तपासत परत आणणं, आणि शेवटी स्वतःपुरता कायमचा आहार. बहुसंख्य लोक पहिल्या टप्प्यात बरं वाटलं की तिथेच मुक्काम ठोकतात. ते चुकीचं आहे. दीर्घकाळ असं खाल्ल्याने आतड्यातले उपयुक्त बायफिडोबॅक्टेरिया कमी होतात, कॅल्शियम आणि फायबर घसरतं, आणि बाहेर जेवायची भीती बसते.

घरच्या घरी केलेलं हे पथ्य सहसा अर्धवटपणामुळे फसतं. कांदा बंद, पण तयार मसाल्यात कांदा-लसणाची पावडर. साखर बंद करून मध सुरू. गहू सोडून सफरचंद आणि काजू वाढले. पाकिटावर ‘इन्युलिन’ किंवा ‘चिकोरी मूळ’ लिहिलेलं कुणी वाचत नाही, तेही फ्रुक्टॅनच. शिवाय एकेक पदार्थ मर्यादेत असला तरी एकाच जेवणात चार एकत्र आले की बेरीज होते. उलट काही सवलती असतात, त्या माहीत नसल्याने लोक उगाच बेचव खातात. फ्रुक्टॅन्स पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून पाकळ्या पूर्ण काढल्या तर ते तेल चालतं. रश्शातून पाकळी काढून मात्र उपयोग नाही, कारण त्यातल्या पाण्यात साखर उतरलेली असते. कडधान्यं भिजवून ते पाणी आणि शिजवल्यावर वरचं पाणी टाकून दिलं की त्यातला त्रासदायक भाग काही प्रमाणात कमी होतो.

तुमच्या बाबतीत आधीच वजन उतरलं आहे, त्यामुळे मी पूर्ण पथ्य लगेच सुचवणार नाही. कमी वजन, गर्भारपण, लहान मुलं, भूक मंदावलेले वृद्ध आणि पूर्वी कधी खाण्याच्या मानसिक आजारातून गेलेली माणसं यांना सौम्य रूप दिलं जातं: वहीत सर्वात संशयास्पद दिसणारे एक-दोन गटच कमी करायचे आणि बाकी सगळं पोटभर खायचं. सहा आठवडे काटेकोर करूनही काहीच फरक नसेल तर पथ्य बंद. तुमचं दुखणं या साखरांचं नव्हतं, एवढी माहिती मिळाली आणि सगळं खाणं परत आलं.

परत आणण्याच्या टप्प्याचं उदाहरण दुधाचं घेऊ. बाकीचा आहार कमीच ठेवायचा. पहिल्या दिवशी ६० मिली दूध, दुसऱ्या दिवशी १२५, तिसऱ्या दिवशी २५०, रोज साधारण त्याच वेळी. मग दोन-तीन दिवस दूध बंद आणि पोट मूळपदावर येईपर्यंत पुढची चाचणी नाही. १२५ पर्यंत ठीक आणि २५० ला फुगारा ७, तर तुमची मर्यादा १२५ च्या आसपास. दूध ‘बंद’ असं वहीत लिहायचं नाही, ‘अर्धा कप’ असं लिहायचं. २५० मिली दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असते आणि लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बरेच जण एका वेळी तेवढी सोसतात, विशेषतः जेवणासोबत. कठीण चीजमध्ये ती जवळजवळ नसतेच. लॅक्टोजमुक्त दुधात कॅल्शियम नेहमीच्या दुधाइतकंच असतं, त्यामुळे दूध सोसलं नाही तरी हाडांचा हिशेब बिघडू द्यायचं कारण नाही.

गहू, कांदा आणि लसूण तिन्ही फ्रुक्टॅनचे, तरी तिघांची चाचणी वेगवेगळी घ्यावी लागते, कारण एक सोसतो म्हणून दुसरा सोसेल असं नाही. लसणासाठी पाव, अर्धी, एक पाकळी असा चढता क्रम पुरतो. पाळीचे दिवस, प्रवास, अँटिबायोटिक्स चालू असणं, झोपेचा बोजवारा, अशा आठवड्यात चाचणी घेऊच नका, निकाल वाचता येत नाही. एखादा पदार्थ नापास झाला तर निम्म्या मात्रेत एकदा परत पाहा. त्रास होणार या धास्तीनेही पोट आवळतं, आणि ते खोटं दुखणं नसतं. तरीही नापास असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा संधी द्या, सोसण्याची मर्यादा बदलते.

रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडी मोजून कोणते पदार्थ सोसत नाहीत ते सांगणाऱ्या ‘फूड इन्टॉलरन्स’ चाचण्यांवर पैसे घालवू नका. आयजीजी दाखवतं ते तुम्ही तो पदार्थ खात आलात एवढंच, म्हणून रोजच्या खाण्यातले पदार्थच त्या यादीत ‘लाल’ निघतात. प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणू असलेलं पूरक) घ्यायचं तर एकच उत्पादन, लिहिलेल्या मात्रेत, निदान ४ आठवडे, आणि त्याच काळात आहारात दुसरा बदल नाही. फरक नसेल तर सोडा. आंबट ढेकर आणि जळजळ हीच मुख्य तक्रार असेल तर हे सगळं प्रकरण बाजूला ठेवा: झोपण्याआधी तीन तास जेवण, पलंगाची डोक्याकडची बाजू १५-२० सेंटीमीटर उंच, डाव्या कुशीवर झोप आणि पोटाचा घेर कमी करणं यांनी बंदीच्या लांब यादीपेक्षा जास्त फरक पडतो.

पाठपुरावा दर तीन-चार आठवड्यांनी, एकूण तीन-चार भेटी, हा ठीक अंदाज आहे. प्रत्येक भेटीत आकडा हवा, ‘बरं वाटतंय’ पुरेसं नाही. आयबीएसची तीव्रता मोजणारी एक प्रश्नावली ५०० गुणांची आहे, तिच्यात ५० गुणांची घट ही खरी सुधारणा धरतात. प्रश्नावली नसेल तर वहीतल्या फुगाऱ्याची आठवड्याची सरासरी आणि ३-४ प्रकाराच्या शौचाचे दिवस, एवढं मोजलं तरी चालेल. दुखणं शून्यावर येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

आणि तीन महिने नीट करूनही आकडे हलले नाहीत, तर चौथं पथ्य मागू नका, डॉक्टरांकडे परत जा. सततचे पातळ जुलाब असतील तर पित्ताम्लांमुळे होणाऱ्या जुलाबांची तपासणी होते. फिकट, तेलकट, तरंगणारा आणि धुऊन न जाणारा मळ असेल तर स्वादुपिंडाची. बाकी सगळं ठीक असून कळ टिकून असेल तर आतड्यासाठीचं संमोहन किंवा वर्तणूक उपचार यांची सोय कुठे आहे ते विचारा. ‘मनाचे खेळ’ म्हणून ते सुचवत नाहीत, आतडं आणि मेंदू यांच्यातल्या नसांवर ते काम करतात. या भेटीला जाताना वही सोबत न्या, आणि तोवर चाचणीत पास झालेलं काहीही ताटातून परत काढू नका.